सोफ्याला शोभेल असा रॉथको

दिवाणखान्यात अमूर्त अभिव्यक्तिवादी, म्हणजे ओळखीची आकृती न काढता नुसत्या रंग-आकारांतून भावना मांडणाऱ्या, चित्राची प्रिंट लावण्याचे आपण मनावर घेतले असेल, तर आपले अभिनंदन. आणि लगोलग एक विनंती, की चित्राचा विचार सगळ्यात शेवटी करावा. आधी सोफ्याचे कापड ठरवावे, मग पडदे, मग उशांचे अभ्रे, आणि या सगळ्यांत जो रंग राहून गेल्यासारखा वाटेल त्या रंगाचा मार्क रॉथको मागवावा. न्यूयॉर्कच्या या चित्रकाराने आयुष्याची शेवटची वीस वर्षे मुख्यतः धूसर कडांचे रंगीत आयत एकावर एक रचण्यात घालवली, त्यामुळे कोणत्याही सोफासेटला चालेल असा माल मुबलक आहे. आपण अमूर्त चित्रकार नाही, रंगांच्या परस्परसंबंधांत आपल्याला रस नाही, शोक, परमानंद, सर्वनाश अशा मूलभूत मानवी भावनांशीच आपला संबंध आहे, असे तो बजावून सांगत असे. परंतु उत्पादकाचे म्हणणे ग्राहकाने किती मनावर घ्यायचे, यालाही काही मर्यादा असते.

आता आकार. ‘ऑरेंज, रेड, यलो’ हे त्याचे १९६१ सालचे चित्र २०१२ साली न्यूयॉर्कच्या लिलावात ८ कोटी ६९ लाख डॉलरना विकले गेले. हा आकडा मात्र पाठच करून ठेवावा, कारण चित्राविषयी एवढी एकच गोष्ट ठाऊक असली तरी पाहुण्यांसमोर निभावून जाते. मूळ चित्र सुमारे २३६ सेंटीमीटर उंच आणि २०६ सेंटीमीटर रुंद आहे, म्हणजे आपल्या फ्लॅटमध्ये ते जमिनीपासून थेट पेल्मेटपर्यंत जाईल. भव्यतेसाठी नव्हे, तर जवळीक साधण्यासाठी आपण मोठी चित्रे काढतो, पाहणाऱ्याने चित्राच्या आत असावे, असे रॉथकोचे म्हणणे होते. आपल्याला आत जायचे नसून सोफ्यावर बसायचे आहे, त्यामुळे तीन बाय दोन फूट पुष्कळ झाले, आणि सोफा लांबट असल्यास वरचा-खालचा भाग छाटून प्रिंट आडवी करून घ्यावी.

चित्र साधारण १८ इंचांवरून पाहावे, अशीही त्याची सूचना होती. ती अमलात येऊ नये यासाठी सोफा हा उत्तम बंदोबस्त आहे, कारण त्याच्यामागच्या भिंतीपाशी जाऊ पाहणाऱ्याचे गुडघे आधी गादीला लागतात. घरात त्या अंतरावर रोज पोहोचते ती एकच व्यक्ती, म्हणजे सोफ्यावर गुडघे टेकून, ओल्या फडक्याने काच पुसणाऱ्या मावशी. मूळ चित्रात रंगाचे पातळ थर असे चढवलेले असतात की खालचा रंग वरच्या रंगातून उजळत राहतो आणि आयताची कड कुठे संपली हे डोळ्यांना नक्की सापडत नाही. मावशींना तेवढ्या जवळून दिसतात ते छपाईच्या शाईचे एकसारखे बारीक ठिपके. तरीही, रॉथकोच्या अटी पाळणारे आपल्या घरात कोणी असेल तर त्या मावशीच, हे प्रामाणिकपणे मान्य करावे लागेल.

काच हवीच, आणि सोनेरी पट्टीची फ्रेमही हवी. रॉथको आपली चित्रे चौकटीविना लावत असे, पण चौकट नसेल तर खर्च केल्यासारखे दिसत नाही. त्याला मंद उजेड लागे. आपण पीओपीच्या छतातून दोन फोकस लाइट नेमके प्रिंटवर सोडावेत. मग गडद मरून रंगाच्या काचेत छताचा पंखा फिरताना दिसू लागतो आणि समोरच्या टीव्हीवरील बातम्यांची पट्टी उलट्या अक्षरांत सरकत राहते. मूळ चित्रात ही सोय नाही.

उन्हाची धास्ती बाळगू नये. हार्वर्ड विद्यापीठाने १९६४ साली रॉथकोची चित्रे एका भोजनकक्षात लावली, तिथल्या लख्ख उजेडाने त्यांतला लिथॉल रेड हा रंग उडत गेला, आणि १९७९ साली ती उतरवून कोठारात ठेवावी लागली. २०१४ साली ती पुन्हा मांडली तेव्हा उडालेला रंग प्रोजेक्टरच्या प्रकाशाने भरून काढला होता. आपली प्रिंट विटली तर तोवर सोफ्याचे कापडही बदलायला आलेले असेल.

एखादा मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात शिकलेला मावसभाऊ येईल आणि ‘गायतोंडे का नाही?’ असे विचारेल. नागपुरात जन्मलेले, जे. जे.त घडलेले चित्रकार वासुदेव गायतोंडे १९६४ साली रॉकफेलर शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला गेले होते, ‘अमूर्त’ हे लेबल त्यांनाही मान्य नव्हते, आणि २०१४ साली न्यूयॉर्कच्या गुगनहाइम संग्रहालयाने त्यांचे मोठे प्रदर्शन भरवले, हे सारे तो ऐकवील. त्याला अभ्रे दाखवावेत. वास्तुतज्ज्ञाने लाल रंगासाठी आग्नेय कोपरा सुचवला असेल, तर तेही सांगावे. त्यापुढे वाद सहसा वाढत नाही.

दुसरी प्रिंट जेवणाच्या टेबलाजवळच्या भिंतीवर लावणार असाल, तर मात्र थोडी पूर्वपीठिका माहीत असावी. १९५८ साली न्यूयॉर्कमधील सीग्राम बिल्डिंगच्या फोर सीझन्स या महागड्या रेस्टॉरंटसाठी रॉथकोने चित्रमालिकेचे काम घेतले होते. तिथे बसून खाणाऱ्या श्रीमंतांची भूकच मरावी, असा आपला हेतू असल्याचे त्याने एका परिचिताला सांगितले होते म्हणतात. पुढे तो पत्नीसह तिथे जेवायला गेला, ती मंडळी त्याने पाहिली, आणि घेतलेले पैसे परत करून चित्रे स्वतःकडेच ठेवली. त्यांतली नऊ पुढे त्याने लंडनच्या टेट संग्रहालयाला दिली. ती लंडनला पोहोचली त्याच दिवशी, २५ फेब्रुवारी १९७० रोजी, न्यूयॉर्कच्या स्टुडिओत त्याचा मृतदेह सापडला. हा शेवटचा तपशील जेवणाच्या टेबलावर सांगू नये.

तेव्हा पहिल्या मेजवानीला पाहुण्यांच्या ताटांकडे नीट लक्ष ठेवावे. मसालेभात दुसऱ्यांदा मागून घेतला गेला, बिरड्याचे पातेले रिकामे झाले, तर प्रिंट योग्य जागी लागली असे समजावे. पण कोणी हातातला घास तसाच ठेवून भिंतीकडे पाहत बसले, तर वेळ न दवडता विक्रेत्याशी संपर्क साधावा. परतीची मुदत थोड्या दिवसांचीच असते, म्हणून खोका तेवढा माळ्यावर जपून ठेवावा.