स्कीइंगच्या सवयी उतारावरच राहत नाहीत

बरीच वर्षं स्कीइंग करणाऱ्या लोकांमध्ये एक गोष्ट मला हमखास दिसते. सरकत्या जिन्यावरून उतरले की ते आधी बाजूला होतात, मग फोन काढतात. दारात किंवा वळणावर घोळका करून उभे राहत नाहीत. याचं मूळ आंतरराष्ट्रीय स्की महासंघाच्या दहा नियमांत आहे. १९६७ सालच्या या नियमांत साफ सांगितलंय की अरुंद जागी, किंवा वरून येणाऱ्याला दिसणार नाही अशा ठिकाणी, गरज नसताना थांबू नका. पडलात तरी लवकरात लवकर वाट मोकळी करा. आणि मागून येणाऱ्याने पुढच्याला धोका होणार नाही अशी वाट निवडायची. ज्याला समोरचं दिसतंय, त्याने सांभाळायचं. रस्त्यावर गाडी चालवताना हा एवढा एक नियम सगळ्यांनी पाळला तर किती बरं होईल!

पण सगळ्यात खोल रुजणारी सवय वेगळी आहे. उतार तीव्र झाला की अंग आपोआप मागे, डोंगराकडे झुकतं. घात होतो तो तिथेच. भार टाचांवर गेला की स्कीची टोकं हलकी पडतात, बर्फ धरत नाहीत, वेग वाढतो आणि वळण घ्यायला जावं तर स्की ऐकत नाही. मांड्या भरून येतात त्या वेगळ्याच. यावर उपाय एकच. नडगी बुटाच्या पुढच्या भागावर टेकवायची, हात समोर दिसत राहतील असे ठेवायचे, छाती दरीकडे आणि भार वळणाच्या बाहेरच्या स्कीवर. भीती वाटत असताना दरीकडे झुकायचं हे डोक्याला पटलं तरी पायांना पटायला वेळ लागतो.

एकदा पटलं की मात्र ते कुठेही आठवतं. एखादा अवघड फोन करायचा असतो, तेव्हा मी खुर्चीत मागे रेललेली असते, पाय टेबलाखाली आखडलेले. ते आता लगेच लक्षात येतं. मग पुढे सरकते, पाय जमिनीवर टेकवते आणि नंबर लावते.

नजरेचंही तसंच. झाडांमधून जाताना झाडाकडे बघायचं नाही, दोन झाडांमधल्या मोकळ्या जागेकडे बघायचं. नजर जाते तिकडेच माणूस जातो.

आता तंत्राबद्दल. इथे माझं मत अनेकांना पटत नाही, तरी ठामपणे सांगते: अवघड उतारावर तंत्र सुधारत नाही. तिथे माणूस कसाबसा खाली पोचतो, आणि कसंबसं पोचताना अंग जे करतं तेच अंगवळणी पडतं. सुधारणा होते ती सोप्या, रुंद उतारावर, जिथे भीती नसते आणि प्रत्येक वळणाकडे लक्ष देता येतं. अमेरिकेची स्कीपटू मिकाएला शिफ्रिन हिने फेब्रुवारी २०२५ मध्ये विश्वचषकातला आपला शंभरावा विजय मिळवला. तिच्या लहानपणी घरच्यांचा भर शर्यतींपेक्षा सरावावर होता, आणि मला यात नवल वाटत नाही.

शिवाय १९९० च्या दशकात मधोमध अरुंद आणि दोन्ही टोकांना रुंद अशा स्की रूढ झाल्या. त्या कडेवर कलवल्या की त्यांच्या आकारामुळे आपसूक वळतात. तरीही अनेक जण खांदे फिरवून वळण ओढून काढतात. घोटा कलवायचा, भार द्यायचा आणि मग थांबायचं, एवढंच करायचं असतं. त्यातलं थांबणंच जमत नाही. योग्य ते करून झाल्यावर त्याला वेळ देणं मला कामातही तिथूनच शिकायला मिळालं.

करून बघायचं असेल तर सगळ्यात सोप्या उतारावर जा. वळण घेताना आतली स्की बर्फापासून थोडी उचला आणि वळण पूर्ण होईपर्यंत तशीच ठेवा. ती मध्येच खाली टेकली तर भार अजून आतल्या पायावर आहे. मग वेग कमी करा आणि तेच वळण पुन्हा घ्या.