रोव्हर्स कप कूपरेजवरच परत यायला हवा

परवा मंत्रालयातलं काम आटोपून चर्चगेटकडे निघालो आणि पाय आपसूक कूपरेजच्या फुटबॉल मैदानाकडे वळले. मैदानावर लहान मुलांची प्रॅक्टिस चालू होती. जाळीपलीकडे एक पोरगा बसून बुटातले रबराचे काळे दाणे झटकत होता. कृत्रिम टर्फवर खेळलं की हे दाणे घरापर्यंत सोबत येतात. आमच्या वेळी इथून घरी चिखल जायचा. त्याला म्हटलं, मी तुझ्याएवढा असताना इथे रोव्हर्स बघायला यायचो. त्याने विचारलं, "रोव्हर्स ही कुठली टीम, काका?"

तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहितोय.

कूपर म्हणजे लाकडी पिंपं बनवणारा कारागीर. त्या पिंपांच्या कामावरून या जागेला नाव पडलं. रोव्हर्स कप ही फुटबॉलची स्पर्धा सुरू झाली 1891 साली. ड्युरँड कप ही दुसरी जुनी फुटबॉल स्पर्धा 1888 ची, म्हणजे रोव्हर्स तिच्याहून फक्त तीन वर्षांनी लहान. पहिला कप वूस्टर रेजिमेंटने नेला आणि पुढची कित्येक वर्षं गोऱ्या पलटणीच नेत राहिल्या. 1937 साली बंगलोर मुस्लिम्सने तो त्यांच्याकडून हिसकावला. कप जिंकणारी ती पहिली भारतीय टीम.

मग आले हैदराबाद सिटी पोलीस. 1950 ते 1954, सलग पाच वेळा कप त्यांचा! कोच सय्यद अब्दुल रहीम. याच रहीमसाहेबांच्या हाताखाली भारत 1956 च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा आला आणि 1962 ला जकार्त्यात एशियाडचं सुवर्ण घेऊन आला. मेलबर्नला ऑस्ट्रेलियाविरुद्ध हॅटट्रिक मारणारा नेव्हिल डिसोझा आपल्या मुंबईचा. ऑलिंपिकमध्ये हॅटट्रिक करणारा पहिला आशियाई. आझाद मैदान, ओव्हल, शिवाजी पार्क यांच्या गोष्टी आपण पोरांना तोंडपाठ सांगतो. नेव्हिलचं नाव कुणी काढत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

बाबा हाफ डे टाकून मला आणायचे. स्टँड मैदानाला इतका खेटून की गोलकीपर बॅकवर काय ओरडतोय ते शब्दन् शब्द ऐकू यायचं. ओला बॉल कपाळावर बसला की थाप ऐकू यायची, आणि बाबा स्वतःचंच कपाळ चोळायचे. टीव्हीवर युरोपातली मॅच कितीही चकचकीत दिसो, ती थाप तिथे नाही.

शेवटचा रोव्हर्स झाला 2000-01 मध्ये. मुंबईच्या महिंद्रा युनायटेडने 2005-06 ची नॅशनल फुटबॉल लीग जिंकली आणि 2010 मध्ये टीमच बंद झाली. मुंबई एफसी ही आपली दुसरी टीम 2017 ला आय-लीग या देशपातळीवरच्या लीगमधून खाली गेली, तीही संपली. मुंबई सिटी ही टीम अंधेरीला खेळते. मैदान रिकामं नाही, लीगच्या मॅचेस होतात, पोरं घाम गाळतात, ते चांगलंच आहे. पण ज्या मॅचसाठी माणूस ऑफिसातून लवकर निघेल, अशी मॅच कुठे आहे?

लोक म्हणतात मैदान छोटं आहे, जेमतेम पाच हजारांचं, आजच्या काळात मोठी स्पर्धा इथे कशी भरवणार. मला हे अजिबात पटत नाही. मोठ्या स्टेडियममध्ये पाच हजार माणसं विरून जातात, इथे तीच माणसं मैदान दणाणून सोडतील. आणि जागाही कशी, चर्चगेटला उतरून चालत! ड्युरँडचं बघा. सैन्याने आणि पश्चिम बंगालने मनावर घेतलं, 2019 पासून ती स्पर्धा कोलकात्यात पुन्हा उभी राहिली. महाराष्ट्राने रोव्हर्ससाठी तेवढं करायला काय हरकत आहे? सुरुवातीला आठ टीम आणा. बंगाल, गोवा, केरळची एकेक, सैन्याची एक, बाकी आपल्या. कोल्हापूरच्या तालमींच्या फुटबॉल टीमपैकी एक तरी हवीच, नुसते त्यांचे पाठीराखेच अर्धा स्टँड भरतील.

बाबा आता अठ्ठ्याहत्तरचे आहेत. गुडघे दुखतात, पण कूपरेजच्या पायऱ्या काही फार नाहीत. रोव्हर्स सुरू झाला तर या वेळी हाफ डे मी टाकेन.