फोटोतली गोरी मुलगी

फिनलंडच्या जंगलात झाडं मोजायला जायचं माझं पक्कं झालंय. राहिला होता निवास परवान्याचा अर्ज आणि त्याला लावायचा फोटो. त्या फोटोपायी काल माझी जी शोभा झाली, ती अजून घशाखाली उतरत नाहीये.

मागणी साधी होती. रुंदी ३६ मिलिमीटर, उंची ४७. हनुवटीपासून टाळूपर्यंत ३२ ते ३६. मागे फिकी भिंत, सावली नको, तोंड मिटलेलं, आणि चेहऱ्यात फेरफार करायचा नाही. हे सगळं कागदावर लिहून मी टिळक रोडजवळच्या गल्लीतल्या एका स्टुडिओत गेले. तिथल्या दादांनी कागद हातात घेतला आणि न वाचता काउंटरवर उपडा ठेवला.

"फॉरेन ना? ३५ बाय ४५."

"दादा, तो व्हिसाचा. मला ३६ बाय ४७ हवाय."

"ताई, अख्खं पुणं इथनं अमेरिकेला गेलंय."

"मला फिनलंडला जायचंय."

"एका मिलिमीटरनं काय होतंय?"

आता हे नेमकं मला विचारायचं नाही. आमच्या विषयात झाडाचा व्यास छातीच्या उंचीवर मोजतात, आणि भारतात ही छाती जमिनीपासून १.३७ मीटरवर असते, युरोपात १.३ वर. सात सेंटिमीटरचा फरक. खोड वर निमुळतं होत जातं, त्यामुळे टेप चुकीच्या उंचीवर लावला की व्यास चुकतो, त्यावरून काढलेलं लाकूडही चुकतं. दापोलीच्या उतारावर, घामाने चष्मा धुकटलेला असताना, "काठी लावून उंची बघितलीस का?" म्हणून सरांची बोलणी मी खाल्लेली आहेत. तिथे उतारावर झाड असेल तर वरच्या बाजूला उभं राहून मोजायचं, हेही कळायला माझं एक सेमिस्टर गेलं. आणि हे म्हणतात, काय होतंय.

इथवर सगळं धकलं असतं. पण बाकावर काका बसले होते.

पांढरा सदरा, मांडीवर प्लास्टिकची फाईल. आधार कार्ड लॅमिनेट व्हायची वाट बघत होते आणि तोवर त्यांना करमणूक हवी होती.

"फिनलंडला काय शिकायला?"

"फॉरेस्ट्री."

"म्हणजे झाडं लावायची."

"लावायची, मोजायची, तोडायचीसुद्धा."

"त्याला फिनलंड कशाला? ताडोबा काय वाईट आहे? वाघ आहेत का तिथे?"

"नाहीत. अस्वलं आहेत."

"मग कसलं डोंबलाचं जंगल!" काकांनी दादांकडे बघितलं. दादांनी मान डोलवली. मला राग आला, म्हणून मी माहिती द्यायला लागले, जी अशा वेळी कधी देऊ नये. म्हटलं, त्या देशाचा जवळजवळ तीन चतुर्थांश भूभाग जंगलाखाली आहे.

"मग माणसं राहतात कुठे?"

"उरलेल्या जागेत."

"झाडं कुठली?"

"मुख्यतः पाइन, स्प्रूस आणि बर्च."

"तीन?" काकांनी फाईल बाजूला ठेवली आणि बोटं काढली. "आमच्या सोसायटीत आंबा, फणस, दोन नारळ, कडुनिंब, बकुळ, सोनचाफा, तो लाल फुलांचा असतो तो, आणि मागे एक रेन ट्री. कंपाउंडच्या आत! तू आमच्याकडे कर की इंटर्नशिप. चहा-पाणी आमच्याकडून."

वाईट याचं वाटतं की काकांचं म्हणणं तसं खोटं नव्हतं. उत्तरेकडच्या जंगलात जाती मोजक्याच असतात. आणि आपण तरी काय करतो? वेताळ टेकडीवर जा. मैलभर गिरिपुष्प. बाहेरून आणलेलं, भराभर वाढतं, हिरवं दिसतं, फोटो चांगला येतो. खाली दुसरं काही उगवायला जागा नाही. लोक पहाटे तिथे फिरतात, खोल श्वास घेतात आणि म्हणतात, काय निसर्ग आहे आपल्या पुण्यात!

असो. काकांना रेन ट्रीवरून काहीतरी आठवलं होतं. ते सरकून जवळ आले.

"तुला शिकवलं असेल. त्याचं चिकट काहीतरी गाडीवर पडतं, वर पक्षी. काही असं असतं का, की मुळात घातलं की गुपचूप वाळतं?"

"काका, परवानगी लागते. १९७५ चा कायदा आहे."

"परवानगीनं करायचं असतं तर तुला कशाला विचारलं असतं?"

इतक्या सरळपणाला काय उत्तर द्यावं? शहरात हेच चाललंय. बुंध्याला चिकटून सिमेंट, खोडात क्लासच्या जाहिरातीचे खिळे, आणि एक दिवस झाड "आपोआप" वाळतं. फॉरेस्ट्रीचं नाव काढलं की लोक दोनच गोष्टी विचारतात. कढीपत्ता का वाढत नाही, आणि शेजारचं झाड कसं मारायचं.

तेवढ्यात फोटो आला. ३५ बाय ४५, आठ प्रती. आत एक मुलगी होती. गोरी, गुळगुळीत, काळ्या कोटात. मी हिरव्या कुर्त्यात गेले होते. माझ्या डाव्या गालावर तीळ आहे. तिच्या गालावर काही नव्हतं.

"दादा, ही कोण?"

"थोडं ब्राइट केलंय. कोट फ्रीमध्ये."

"तीळ कुठे गेला?"

"काढला. त्याचे पैसे नाही घेतले."

"फेरफार चालत नाही, कागदावर लिहिलंय..." कागद तसाच उपडा पडलेला होता. काका तोवर फोटो उचलून चष्म्याजवळ नेत होते. "छान आलाय की! लग्नाला चालेल."

मग तीळ परत आणायचं काम सुरू झालं. "लावून देतो की" म्हणत दादांनी तो लावला. उजव्या गालावर. काका म्हणाले, डाव्या गालावरचा तीळ तसाही शुभ नसतो.

१८६४ मध्ये इंग्रज सरकारने ब्रँडिस नावाच्या जर्मन माणसाला भारतातल्या जंगलांचा पहिला मुख्य अधिकारी नेमलं. आमचा विषय त्याच्यापासून शिकवायला सुरुवात होते. एवढी खंडभर जंगलं त्याच्या हवाली करताना कुणी त्याच्या हनुवटीला पट्टी लावल्याचं पुस्तकात कुठे नाही. मला फक्त काही महिने बर्च मोजायचेत.

शेवटी मीच काउंटरच्या आत गेले, कागद सुलटा केला आणि स्क्रीनवर बोट ठेवून एकेक आकडा टाकून घेतला. काळी-सावळी, तीळवाली, चिडलेली मी छापून निघाले. ओठ मिटलेले होते, त्यासाठी काही कष्ट पडले नाहीत. काकांनी तो फोटोही बघितला आणि "आधीचा बरा होता" म्हणून परत दिला.

पैसे दोन्ही संचांचे घेतले. मी म्हटलं, पहिला मी सांगितलाच नव्हता. दादा म्हणाले, "कागद तर लागला ना?"

ती गोरी कोटवाली आता आत्याच्या पर्समध्ये आहे. स्थळं बघताना दाखवायला बरी, असं तिचं म्हणणं. मुलगी परदेशात असते, हेही ती त्याच दमात सांगते.