‘एसीत बसून लिहिलेलं’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

पाळी बदलताना जाणाऱ्या आणि येणाऱ्या ऑपरेटरने मशीनपाशी उभं राहून दहा मिनिटं चार्ज द्यावा-घ्यावा, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुमची प्रतिक्रिया: ‘एसीत बसून लिहायला काय जातंय? माणसं चांगली असली की टीम आपोआप चालते. दहा मिनिटं गेली म्हणजे तेवढं प्रॉडक्शन बुडालं. ट्रेनिंग, ओव्हरटाइम, युनियन यांचं काय?’

मत वेगळं असायला माझी हरकत नाही. पण मुद्द्याला हात घालण्याआधी तुम्ही माझी लायकी काढलीत. मी लेथवर (धातू फिरवून कापायच्या मशीनवर) तिन्ही पाळ्या केल्या आहेत. माहीत नसेल तर आधी विचारायचं, ही साधी रीत आहे.

एक मान्य करतो. लेखातला तक्ता मोबाइलवर नीट दिसत नाही. तो बदलतो.

आता ‘माणसं चांगली असली की’ याबद्दल. 25 मिमी व्यासाचा शाफ्ट (गोल दांडा) घ्या, टॉलरन्स, म्हणजे चालणारा फरक, अधिक-उणे 0.01. टूल झिजलं, व्यास 25.015 आला. पहिल्या पाळीच्या ऑपरेटरने एक्सला (व्यास ठरवणाऱ्या अक्षाला) उणे 0.02 ऑफसेट दिला, म्हणजे व्यास तेवढा कमी यावा अशी मशीनमध्ये दुरुस्ती भरली, पुढचा जॉब (कापायचा नग) चढवला आणि तो हात धुवायला गेला. जुना जॉब टेबलावरच राहिला. दुसऱ्या पाळीचा आला, त्याने तोच जॉब मायक्रोमीटरने मोजला आणि पुन्हा उणे 0.02 दिला. त्याच्या हातचा पहिला जॉब निघाला 24.975. बाहेरचा व्यास कमी झाला की रिवर्क नाही, थेट स्क्रॅप. यात कामचुकार कोण? दोघांनीही मोजून, जबाबदारीने काम केलं. चांगल्या माणसांनाही आधीच्याने काय केलं ते कुणी सांगितल्याशिवाय कळत नाही, आणि लॉगबुकात ‘सर्व ओके’ लिहिलं की कळायची शक्यता संपलीच.

6 जुलै 1988 ला स्कॉटलंडजवळच्या समुद्रात पायपर अल्फा या तेल-वायूच्या फलाटावर 167 माणसं गेली. एका पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह दुरुस्तीसाठी काढून तिथे नुसती झाकणाची फ्लँज बसवली होती. ही गोष्ट रात्रपाळीपर्यंत पोहोचली नाही. दुसरा पंप बंद पडला तेव्हा त्यांनी हाच चालू केला. ते काम न येणारे लोक होते, असं तुम्ही म्हणाल का?

म्हणून चार्ज ऑफिसात देऊ नये, मशीनपाशीच द्यावा. शेवटच्या तासात कोणता ऑफसेट किती बदलला, कुठल्या जॉबनंतर बदलला, टूलचे किती जॉब उरले, लाल बिनमध्ये (नापास जॉबच्या डब्यात) काय आणि कशासाठी पडलंय, एखादा सेन्सर बायपास केलाय का, मेंटेनन्सचं कोणतं काम अर्धवट आहे, एवढं सांगायचं. येणाऱ्याने ते आपल्या तोंडून परत म्हणायचं. हे सगळ्यात महत्त्वाचं आहे आणि सगळ्यात आधी हेच गळतं. मान हलवली म्हणजे समजलं असं होत नाही. मग दोघांनी मिळून चालू सेटिंगवर निघालेला ताजा जॉब मोजायचा आणि टेबलावरचा जुना तिथून हलवायचा.

प्रॉडक्शन बुडत नाही. बोलणं सुरू असताना मशीन सायकलमध्ये चालू राहू शकतं.

ट्रेनिंग, ओव्हरटाइम, युनियन हे वेगळे विषय आहेत, त्यात इथे शिरत नाही.

बहुतेक ठिकाणी घोडं अडतं ते बसपाशी. पाळी साडेतीनला सुटते आणि बस 3:40 ला. सगळ्यांचं लक्ष गेटकडे असताना कोण थांबणार? बस पंधरा मिनिटं उशिरा सोडा आणि ती वेळ पगारात धरा. फुकट थांबवलंत तर चार दिवसांत सगळं बंद पडेल, आणि त्यात कामगारांची काही चूक नसेल.

तुमच्याकडे बस किती वाजता सुटते आणि पाळ्यांमध्ये किती मिनिटांचा ओव्हरलॅप आहे, तेवढं कळवा. त्यावर नक्की लिहीन. पुन्हा ‘एसी’च काढायचा असेल, तर ती प्रतिक्रिया छापणार नाही.