डोंगरावर काही कुजत नाही

एव्हरेस्ट बेस कॅम्पवरचं शौचालय फोटोत कधी दिसत नाही, म्हणून आधी तेच सांगते. दगड रचून केलेला ओटा, त्यावर उभा अरुंद तंबू, आणि मधल्या भोकाखाली निळा प्लास्टिकचा ड्रम. ड्रमात फक्त शौच. लघवीला बाहेर, ठरवून दिलेल्या जागी जायचं, हे पहिल्याच दिवशी बजावून सांगतात. ड्रम भरला की झाकण आवळायचं आणि एका माणसाने तो पाठीवर घेऊन ५,३६४ मीटरवरून खालच्या गोरक्षेप या मुक्कामाच्या दिशेने उतरायचं. वाट म्हणजे हिमनदीच्या कडेचे सुटे दगड, मधेमधे निसरडा बर्फ. अशा एकाला मी कडेला सरून वाट दिली होती. कपाळावर पट्टा, मान ताठ, नजर पुढच्या दगडावर. तो शेजारून गेला तेव्हा मी श्वास रोखून धरला. तो मात्र तासन्‌तास त्याच वासात चालत होता. हे आठवलं की आजही लाज वाटते.

तो ड्रम शेवटी गोरक्षेपजवळच्या खड्ड्यात रिकामा होतो. चढाईच्या एका मोसमाचा हा मैला १२ टनांच्या आसपास सांगितला जातो. हे ऐकून बहुतेक जण म्हणतात, “मग काय झालं, खड्ड्यात त्याचं खतच होणार ना?” खरी मेख इथेच आहे. खत आपोआप होत नसतं, ते जिवाणू करतात. त्यांना ऊब लागते, ओलावा लागतो, वेळ लागतो. बायोगॅसचे जिवाणू ३५ अंशांच्या आसपास जोमाने काम करतात, १० अंशांखाली जवळजवळ झोपी जातात. पाच हजार मीटरवर रात्री काय तापमान असतं हे वेगळं सांगायला नको. तिथे मैला कुजत नाही, गोठतो. आणि गोठला म्हणजे निर्जंतुक झाला असंही नाही. ऊन पडलं, बर्फ वितळला की तो पुन्हा वाहायला मोकळा. ज्या बर्फाचं पाणी करून आपण पितो, त्याच बर्फात.

अलास्कातल्या डेनाली शिखरावर हे नीट अभ्यासलं गेलं आहे. तिथे वर्षानुवर्षं गिर्यारोहक मैला हिमभेगांमध्ये टाकत आले. खोल भेग, एकदा टाकलं की गेलं, असा समज. पण हिमनदी वाहती असते. तिच्या पोटात टाकलेलं सगळं ती सावकाश खाली नेते आणि एक दिवस बाहेर काढते. १९५१ ते २०१२ या काळात तिथल्या काहिल्टना हिमनदीत ६९ ते ९७ टन विष्ठा गेली असावी असा अंदाज निघाला, आणि तिच्या वितळलेल्या पाण्यात विष्ठेतले जिवाणू सापडले. आता तिथे प्रत्येक चमूला घट्ट झाकणाचे डबे देतात. २०१८ पासून तर ४,३०० मीटरच्या कॅम्पखालचा सगळा मैला खाली आणणं सक्तीचं आहे. हा डबा तिथल्याच एका रेंजरच्या, म्हणजे उद्यानाच्या रक्षकाच्या, प्रयत्नांतून आला. मला हे महत्त्वाचं वाटतं, कारण रोज ती घाण बघणाऱ्या माणसाने ती वस्तू घडवली.

एव्हरेस्टच्या वरच्या कॅम्पांवर तर ड्रमही नाही. ७,९०० मीटरवर, साउथ कोल या शिखराखालच्या शेवटच्या कॅम्पला, तंबूतून बाहेर पडणं हाच जिवाशी खेळ. तिथे माती नाही, खड्डा खणता येत नाही, वाऱ्याने बर्फ उडाला की सगळं उघड्यावर. २०२४ च्या फेब्रुवारीत एव्हरेस्टचा भाग जिच्या हद्दीत येतो त्या खुंबू पासांगल्हामु ग्रामपालिकेने ठरवलं की प्रत्येकाने पिशवी वापरायची आणि बेस कॅम्पला परत आणून दाखवायची. माणशी दोन पिशव्या, एकेक पाच-सहा वेळा वापरता येणारी. आत असलेली पावडर ओल शोषून सगळ्याचा घट्ट गोळा करते आणि वास दाबते. साधी गोष्ट, पण पहिल्या यशस्वी चढाईनंतर ७० वर्षांनी आली. मी या नियमाच्या पूर्ण बाजूने आहे. फक्त, पिशवी हातात देऊन काम संपत नाही. जाड हातमोजे, हार्नेस (दोर अडकवायचा कमरेचा पट्टा), सुटाची चेन, वारा आणि विरळ हवेत मंदावलेली बुद्धी, एवढ्या सगळ्यात ती उघडता-मिटता आली पाहिजे. बायकांना तर हार्नेस न सोडता बसता येणं हाच मोठा प्रश्न, आणि बऱ्याच वस्तू बनवताना तो कुणी विचारलेलाही दिसत नाही. बर्फावरचं तंत्र आपण पुन्हा पुन्हा घोटून घेतो, मग ही पिशवी वापरायचा सरावही निघण्याआधी, हातमोजे घालून, करून घ्यायला काय हरकत आहे?

आता खालच्या मुक्कामांवरची शौचालयं. माझं ठाम मत आहे की लघवी आणि शौच वेगळं करणं हीच पहिली पायरी. माणूस दिवसाला दीड-दोन लिटर लघवी करतो, उंचावर भरपूर पाणी प्यायला लावतात म्हणून अधिकच. शौच मात्र दीडदोनशे ग्रॅम. दोन्ही एकत्र झालं की गोठलेलं, जड, हलवता न येणारं लगदाळ तयार होतं, आणि लघवीतल्या नत्राचा अमोनिया होऊन जे थोडेफार जीव काम करू शकतील त्यांनाही जगू देत नाही. वेगळं ठेवलं तर वजन एकदम उतरतं. हेलिकॉप्टरने न्या नाहीतर पाठीवरून, पैसा आणि कष्ट वजनाचेच.

लडाखचं जुनं घर बघा. वरच्या मजल्यावर जमिनीला भोक, कोपऱ्यात कोरड्या मातीचा ढीग आणि फावडं. काम झालं की माती लोटायची, चुलीची राख टाकायची. खालची खोली वसंतात उपसून शेतात. साडेतीन हजार मीटरवर पाण्याचा थेंब न वापरता हे पिढ्यान्‌पिढ्या चाललं, कारण माती होती, कोरडी हवा होती, उन्हाळ्याची ऊब होती आणि कुणाला घाई नव्हती. पाहुण्यांच्या सोयीसाठी तिथे फ्लश आणणं मला घोडचूक वाटते. डीआरडीओ या संरक्षण संशोधन संस्थेने थंडीत तग धरणारे जिवाणू वापरून बायोडायजेस्टर, म्हणजे मैला कुजवणाऱ्या टाक्या, बनवले, सियाचीन-लडाखसारख्या ठिकाणांसाठी. तेही मोलाचं काम आहे. गोरक्षेपला सौर ऊर्जेने ऊबदार ठेवलेलं बायोगॅस संयंत्र उभारण्याची आखणीही बरीच वर्षं चालू आहे, आणि ते चालावं असं मला मनापासून वाटतं. पण यातलं काहीच साउथ कोलला चालणार नाही. तिथे माती नाही, ऊब नाही, तिथून उचलून खाली आणणं एवढंच शक्य आहे. प्रत्येक उंचीला तिचं तिचं उत्तर असतं, एकच यंत्र सगळीकडे बसवायचा हट्ट सोडला पाहिजे. भारी यंत्रणा बसवली आणि एक पंप गोठला, की दुरुस्तीला माणूस पोहोचेपर्यंत मोसम संपलेला असतो.

आणि शौचालयांचा आराखडा कुठून काढायला घ्यायचा, तर त्या पट्टा लावलेल्या माणसापासून. ड्रम किती भरल्यावर बंद करायचा, कारण एका पाठीला किती पेलतं. झाकण गळतं का. पट्टा ड्रमला बसतो का, की तो दोरीने कसाबसा आवळावा लागतो. त्याला मजुरी किती, हातमोजे कोण देतं. गोरक्षेपला मी पुढे असा एक जण पाहिला, ड्रम रिकामा करून आलेला. हात धुवायला त्याने पिंप उघडलं तर वर बर्फाची जाड साय. दगडाने फोडून त्या पाण्यात त्याने हात बुडवले, आणि मग काखेत धरून कितीतरी वेळ तसाच उभा राहिला. नव्या शौचालयांच्या नकाशात त्याच्यासाठी गरम पाणी आणि साबण कुठे ठेवलाय, ते मला आधी दाखवा.