सही जुळत नाही

पहिली खेप संपली. दुसरी कधी, तर ‘लवकरच’. हे ‘लवकरच’ जपानी आहे की पुणेरी, कळायला मार्ग नाही. जपानी असेल तर वार, तारीख, वेळ आत्ताच ठरलेली असणार. पुणेरी असेल तर आमच्या गल्लीतलं खोदकाम त्याआधी बुजेल.

प्रकरण एवढंच, की आमच्या लहानपणीच्या आठ-बिट गेमांचं संगीत एका जपानी कंपनीने अधिकृतपणे काढायचं ठरवलं. दोन रेकॉर्डींचा संच, ध्वनिमुद्रण मूळ यंत्रावरून, सोबत पुस्तिका. आम्ही पाच-सहा मित्र, सगळे चाळिशीच्या आगेमागे, दोघांना बीपी, गेले चार महिने ह्या बातमीवर जगतोय. कुठली धून घेतील, कुठली गाळतील, शेवटच्या राक्षसाच्या वेळची येईल की नाही, ह्यावर जेवढा खल झाला तेवढा आमच्यापैकी कुणाच्या लग्नाच्या याद्यांनाही झाला नव्हता.

नोंदणी गुरुवारी जपानच्या दुपारी बाराला उघडणार होती. जपान आपल्या साडेतीन तास पुढे, म्हणजे आपले सकाळचे साडेआठ. गुरुवारी आमच्याकडे पाणी बंद. आदल्या रात्रीच बादल्या, पातेली, अगदी ताकाची बरणीसुद्धा भरून ठेवली आणि आठ पंचवीसला कार्ड हातात धरून बसलो. आठ बत्तीसला कार्ड नाकारलं गेलं. पुन्हा टाकलं, पुन्हा नाकारलं. बँकेचं ॲप म्हणालं, ‘कृपया आपल्या शाखेशी संपर्क साधा.’

रिझर्व्ह बँकेने २०२० मध्ये नियम केला, की कार्डावरचे परदेशी व्यवहार मुळात बंदच ठेवायचे आणि ग्राहकाने मागितले तरच सुरू करायचे. नियम चांगला आहे. चोरांपासून रक्षण व्हावं म्हणून केलेला आहे.

आता चोराबद्दल. चोर मीच. वडिलांनी दिवाळीच्या बोनसमधून बुधवार पेठेतून आणलेला टीव्ही गेम जपानी यंत्राची नक्कल होता. त्याची कॅसेट ही त्या नकलेची नक्कल. कॅसेटवर ‘९९९९ इन १’ असं छापलेलं, आत मोजून अकरा गेम. बाकीचे नऊ हजार नऊशे अठ्ठ्याऐंशी हे तेच अकरा, फक्त आडनावं बदलून. कॅसेट चालेना की बुडाशी फुंकर मारायची. त्या फुंकरीने काहीही होत नसे, काढून परत बसवल्यामुळेच काय तो संपर्क जुळायचा, आणि तोंडातल्या ओलाव्याने कॅसेटचे आतले धातूचे दात उलट खराब व्हायचे, हे आता कळलंय. पण फुंकर मारल्याशिवाय ती कॅसेट आत ढकलायची हिंमत आमच्यात आजही नाही. मागून आई ओरडायची, ‘पिक्चर ट्यूब जाईल!’ ती ट्यूब पुढे अकरा वर्षं टिकली. असो.

तर ज्याचं अख्खं बालपण डुप्लिकेट, त्या माणसाला चाळिशीत पहिल्यांदा वाटलं, की मूळ मालकाला त्याचे पैसे द्यावेत. मालक घ्यायला तयार, मी द्यायला तयार, आणि मध्ये माझीच बँक.

साडेदहाला शाखेत पोचलो. कोपऱ्यात पासबुक छापायच्या यंत्रावर ‘मशीन बंद आहे’ असा कागद होता. खाली पेनाने कुणीतरी ‘कायमचे?’ असं विचारून ठेवलं होतं. त्यामुळे त्या यंत्राची रांग आमच्याच रांगेत येऊन मिसळली होती, आणि माझ्या बरोब्बर मागे एक आजोबा होते. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, पासबुक प्लास्टिकच्या पिशवीत, ती पिशवी कापडी पिशवीत, आणि कापडी पिशवी पोटाशी.

“उद्देश काय लिहू?” काउंटरवरच्या मॅडमनी विचारलं.

“रेकॉर्ड मागवायचंय. जपानहून.”

“मेडिकल का?”

“नाही, वाजवायची रेकॉर्ड. व्हिडिओ गेमच्या संगीताची.”

मॅडम काही बोलल्या नाहीत. आवाज आला तो मागून.

“गेमला संगीत असतं?”

“असतं.”

“का?”

इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मीही स्वतःला विचारला नव्हता. मी मान वळवली, आणि हीच चूक झाली. कारण आजोबांनी ते ‘बसा’ असं घेतलं.

“किती पैसे?”

“साडेसहा हजार.” आणि मग, कुणी विचारलेलं नसताना, “कस्टम वेगळं.”

रांगेतून एक सामुदायिक ‘च्च’ आला. केवायसीसाठी ताटकळलेल्या एका बाईंनी माझ्याकडे बघितलं, मग माझ्या चपलांकडे बघितलं. साडेसहा हजारांच्या माणसाच्या त्या दिसत नव्हत्या.

“माझा नातू सगळं मोबाइलवर फुकट ऐकतो,” आजोबा म्हणाले. “हे मिळत नाही का फुकट?”

“मिळतं.”

“मग?”

ह्या ‘मग?’पुढे मी भर बँकेत वकिली सुरू केली. म्हटलं, काका, हे संगीत साधं नाही. १९८५ सालच्या त्या मारिओच्या कॅसेटमध्ये चित्रं, गेम, संगीत, सगळं मिळून चाळीस केबी. तुम्हाला सकाळी गुलाबाच्या फुलाचा सुप्रभात येतो ना, त्या एका फुलाच्या जागेत असे दोन-तीन अख्खे मारिओ बसतील. आणि अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने २०२३ मध्ये ती मारिओची धून राष्ट्रीय ठेवा म्हणून जतन करायला घेतली. गेमच्या संगीतात पहिलीच.

“अमेरिकेला कामं नाहीत,” आजोबा म्हणाले. “कुणी केलंय?”

“कोजी कोंडो.”

“कोंडे?”

“कोंडो. जपानी आहेत.”

“आमच्या खात्यात एक कोंडे होते. भोरकडचे. पेटी छान वाजवायचे.” एवढं बोलून आजोबा काही वेळ त्या कोंड्यांकडे निघून गेले. त्यांची पेटी, त्यांचं रिटायरमेंट, त्यांच्या मुलीचं नांदेडला पडलेलं सासर. मला वाटलं सुटलो. तेवढ्यात मॅडम म्हणाल्या, “सर्व्हर स्लो आहे, दहा मिनिटं थांबा,” आणि आजोबा भोरहून परत आले.

“म्हणून दाखवा.”

“काय?”

“ते राष्ट्रीय ठेव्याचं.”

वाचकहो, मी म्हणून दाखवलं. कर्जाच्या व्याजदराच्या फलकाखाली उभा राहून, दबक्या आवाजात. आजोबा पासबुकावर बोटांनी ताल धरायचा प्रयत्न करत होते. दोनदा समेवर यायला गेले, दोनदा तोंडघशी पडले. मी थांबल्यावर म्हणाले, “चाल अवखळ आहे. पण मधे मधे ते टिंग काय करता?”

मला कळेचना. मी परत म्हटलं. खरंच, मी मधे मधे ‘टिडिंग’ म्हणत होतो. इतकी वर्षं म्हणत आलो असणार.

“ते नाणं,” मी म्हणालो.

“नाणं?”

मग सांगणं भाग पडलं. त्या जपानी यंत्राच्या चिपमध्ये एकावेळी पाचच आवाज निघायचे. दोन पिपाणीसारखे, एक खर्जाचा मऊ, एक नुसता खरखराट, ज्यातून ताशा काढायचा, आणि पाचवा म्हणजे आधी मुद्रित केलेले बारके तुकडे. एवढ्यातच संगीतही बसवायचं आणि गेममधले सगळे आवाजही. त्यामुळे मारिओने नाणं उचललं की ते टिंग वाजायला जागा हवी, आणि ती जागा चालू धुनेतल्या एका पिपाणीला क्षणभर गप्प करून काढायची. म्हणजे पैसे हाती लागले की गाण्यातला एक सूर तेवढ्यापुरता नाहीसा.

“संसार आहे,” आजोबा म्हणाले. मला वाटतं ते गंमत करत नव्हते. “आणि तुम्ही जे मागवताय त्याच्यात हे टिंग आहे?”

“नाही. त्यात नुसतं संगीत. शुद्ध.”

“म्हणजे साडेसहा हजार देऊन तुम्ही पैशाचा आवाज तेवढा काढून घेताय.”

केवायसीच्या बाई हसल्या. मॅडमही हसल्या. सिक्युरिटीवाला त्याच्या स्टुलावर हसला, आणि त्याला तर काही ऐकूही गेलं नव्हतं.

मला राग आला, तो अजून गेलेला नाही. हेच मी सत्तर वर्षांपूर्वीच्या नाट्यपदाची तबकडी शोधत दर रविवारी जुन्या बाजारात घाम गाळला असता तर लोकांनी मला दर्दी म्हटलं असतं. चहा पाजला असता. पेपरात ‘छंदिष्ट’ सदरात फोटो आला असता, मागे कपाट, हातात तबकडी. जपानात गेमच्या संगीताची स्वतंत्र रेकॉर्ड १९८४ पासून निघतेय, एका नाणावलेल्या संगीतकाराने पुढाकार घेऊन काढली होती. आमच्याकडे अजून ‘गेमला संगीत असतं?’ इथंच गाडी. मुलाच्या मुंजीत सातशे माणसं जेवू घालणाऱ्याला कुणी उद्देश विचारत नाही. आणि मल्टिप्लेक्समध्ये पाचशे रुपयांच्या लाह्या खाणारे मला काटकसर शिकवतात.

“तुमची सही जुळत नाही,” मॅडम म्हणाल्या.

त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. बँकेतली सही मी एकोणिसाव्या वर्षी केलेली. काय ती सही! पहिलं अक्षर घोड्यावर बसल्यासारखं, शेवटच्या अक्षराची शेपटी पुढे नेऊन तिला एक गिरकी, खाली रेघ, रेघेखाली दोन ठिपके. हा मुलगा पुढे मोठा माणूस होणार ह्याबद्दल त्या सहीला काडीचीही शंका नव्हती. फॉर्मवरची माझी आजची सही तिच्याशेजारी औषधाच्या बिलावर केल्यासारखी दिसत होती.

“अशी करून द्या,” मॅडम म्हणाल्या.

“पण माझीच आहे ही.”

“हो, पण जुळायला पाहिजे.”

मग पैसे भरायच्या स्लिपच्या पाठीवर मी स्वतःच्या सहीची नक्कल करू लागलो. पहिली गिरकी उलटी गेली. दुसरीत ठिपके रेघेच्या वर पडले. तिसऱ्यांदा आजोबा खांद्यावरून वाकले.

“मनगट धरून ठेवलंय तुम्ही. सोडा. खांद्यापासून येऊ दे.”

चौथी.

“शेपूट बरी. ठिपके चोरटे झाले. टिच्चून द्या.”

पाचवी.

“तुम्ही आता घाबरून करताय. तेव्हा घाबरत नव्हता.”

ह्या वाक्यावर खरं तर मी पेन ठेवून निघून जायला हवं होतं. पण साडेआठपासून मनात त्या संचाची पुस्तिका उघडली होती, ती मिटेना. सहाव्या वेळी मी न बघताच सही केली. मॅडमनी कागद वर धरला, स्क्रीनकडे बघितलं, कागदाकडे बघितलं, परत स्क्रीनकडे. बँकेत तेवढ्यापुरतं सामसूम झालं. “चालेल,” त्या म्हणाल्या. आजोबांनी माझ्या पाठीवर थाप मारली, जशी दहावी पास झालेल्याला मारतात. उद्देशाच्या रकान्यात मॅडमनी ‘इतर’ लिहिलं.

“अठ्ठेचाळीस तासांत सुरू होईल.”

अठ्ठेचाळीस तासांत काय काय होतं बघा. एका मित्राने बायकोच्या कार्डावर दोन संच उचलले आणि आम्हाला पावतीचा फोटो पाठवला, खाली हात जोडल्याचं चित्र. दुसऱ्याने आम्हाला शहाणं करून सोडलं, की आपल्या त्या बुधवार पेठी यंत्रांमधल्या नकली चिपांपैकी पुष्कळांत आवाजाचे दोन प्रकार उलटसुलट बसवलेले असायचे. पिपाणी जिथे जाड वाजायची तिथे बारीक, आणि बारीक तिथे जाड. म्हणजे आम्ही जे पाठ करून बसलोय ते मुळात चुकीचंच आहे, आणि मूळ यंत्रावरून घेतलेलं अस्सल संगीत आमच्या कानांना डुप्लिकेट वाटणार. हे कळल्यावर ग्रुपवर दोन तास कुणीच काही लिहिलं नाही. त्या ग्रुपच्या इतिहासात असं आधी एकदाच झालं होतं, एकाचा घटस्फोट झाला तेव्हा.

शनिवारी सकाळी बँकेचा एसएमएस आला, आपल्या कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार सुरू झाले आहेत, ही विनंती आपण केलेली नसल्यास त्वरित शाखेशी संपर्क साधा. संकेतस्थळ उघडलं तर तिथे ते ‘लवकरच’.

पण त्या दिवशी बँकेतून निघाल्यावर अलका चौकात सिग्नलला उभा होतो, तर शेजारी जुन्या स्कूटरवर आजोबा. कापडी पिशवी हुकला लटकलेली. पासबुक अर्थातच छापून झालं नसणार. त्यांनी मला बघितलं नाही. ते गुणगुणत होते. भोरच्या कोंड्यांच्या पेटीच्या अंगाने, जरा लांबवून, मधेच एखादी मींड घेऊन, पण धून तीच. आणि नेमक्या जागी एक सूर गिळून हातातली अंगठी हँडलवर आपटत होते. टिंग. ‘काका, तेवढं टिंग मूळ चालीत नाही’ असं सांगायला मी हेल्मेटची काच वर केली, तेवढ्यात सिग्नल सुटला आणि ते टिळक रोडला वळले.