वाळवलेल्या कोयी फेकून डोंगर हिरवा होत नाही

मे महिना लागला की एक मेसेज नाशिकच्या जवळपास प्रत्येक ग्रुपवर फिरू लागतो. मजकूर थोडक्यात असा : आंबा, जांभूळ, फणस, सीताफळ यांच्या बिया कचऱ्यात टाकू नका. धुवा, उन्हात कडक वाळवा, कागदात गुंडाळून गाडीत ठेवा आणि पावसाळ्यात त्र्यंबक-इगतपुरीकडे जाताना उजाड डोंगर दिसला की फेका. बाकीचं निसर्ग बघून घेईल, थायलंडमध्ये असंच जंगल झालं. पुढे पाठवणारे आणखी भर घालतात. लवकर वाढणारी झाडं लावा, माळ साफ करा, झाड लावायला परवानगी कसली, तीन वर्षांत जंगल तयार, आणि गवत जाळलं तर पुढच्या वर्षी जोमानं येतं.

पाठवणाऱ्यांची कळकळ खरी आहे. पण यातला जवळजवळ प्रत्येक सल्ला डोंगराच्या मुळावर येणारा आहे, म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

"बिया धुवा, उन्हात कडक वाळवा"

यादीतली तीन झाडं इथेच बाद होतात. आंबा, जांभूळ आणि फणस यांचं बी ओलं असेपर्यंतच जिवंत असतं. आतला ओलावा ठरावीक पातळीखाली गेला की अंकुर मरतो; नंतर कितीही पाणी घाला, ते कुजतं. जांभळाचं बी साध्या हवेत दोन-तीन आठवड्यांत निकामी होतं, कडक उन्हात त्याहून लवकर. आंब्याची कोय कवचामुळे थोडी जास्त टिकते, पण मेमध्ये डॅशबोर्डवर ठेवलेली कोय जुलैत फेकली तर हाती काही लागत नाही. कडुलिंबाच्या निंबोळीचंही तसंच, ताजी असतानाच पेरावी लागते.

जांभूळ खाल्लं की गर धुऊन, सावलीत फक्त निथळवून, दोन-चार दिवसांत माती आणि शेणखत भरलेल्या पिशवीत दोन-तीन सेंटीमीटर खोल पेरा. साधारण दोन आठवड्यांत कोंब दिसतो. चिंच, बाभूळ, बहावा यांचं प्रकरण उलटं आहे. ही बियाणी वाळवून वर्षभर ठेवता येतात, पण कवच टणक असल्यामुळे गरम पाण्यात भिजवल्याशिवाय किंवा टोकाला घासल्याशिवाय नीट उगवत नाहीत. राहिलं सीताफळ. ते वाळवूनही टिकतं आणि शेळी त्याला तोंड लावत नाही, म्हणून डोंगरउतारावर तगतं. ते मूळचं अमेरिका खंडातलं आहे, त्याची भर घालायची गरज इथल्या डोंगरांना नाही.

"फेका, बाकीचं निसर्ग बघून घेईल"

नाशिकजवळच्या पांडवलेणी, चामरलेणी, रामशेज या डोंगरांच्या उतारांवर बियांचा तुटवडा नाही. वारा, पाखरं आणि वटवाघळं दरवर्षी आपल्या गाडीत मावणार नाहीत इतक्या बिया टाकतात. उगवलेलं टिकत नाही, ही अडचण आहे. बऱ्याच उतारांवर काळ्या कातळावर वीतभरसुद्धा माती नाही. जुलैत रुजलेल्या रोपाला ऑक्टोबरात पाऊस थांबण्याआधी कातळाच्या भेगेत मूळ शिरवावं लागतं. नाही जमलं तर डिसेंबरपर्यंत माती कोरडी पडते आणि रोप वाळतं. त्यातून वाचलं तर शेळी, आणि शेळीतून वाचलं तर फेब्रुवारीतला वणवा. थायलंडचं उदाहरण इथे लागू होत नाही. आपल्याला ऑक्टोबर ते जून असे आठ महिने बिनपावसाचे काढायचे असतात.

मातीचे गोळे, म्हणजे सीडबॉल, यांनाही हाच नियम. शिवाय चिकणमाती जास्त झाली तर गोळा वाळून विटेसारखा कडक होतो आणि कोंब आतच गुदमरतो. घट्ट मुरमावर पडलेला गोळा पहिल्या जोरदार सरीत वाहून ओढ्याला लागतो.

"लवकर वाढणारी झाडं लावा"

गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया), सुबाभूळ, गुलमोहर, विलायती शिरीष (रेन ट्री) ही नावं या यादीत हमखास असतात. चारही परदेशी. गिरिपुष्प मुरमातही झटपट वाढतं, म्हणून जागोजागी लावलं गेलं. त्याच्या दाट लावणीखाली करवंद, हेकळ, निर्गुडी यांचा थर क्वचितच तयार होतो, आणि तोच थर पाखरांना आणि किड्यांना लागतो.

दुसरी गोष्ट पावसाची. इगतपुरीला वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, नाशिक शहरात सातशेच्या आसपास, आणि येवल्याकडे त्याहूनही कमी. एकच यादी तिन्हीकडे चालणार कशी? पश्चिमेला ऐन, जांभूळ, हिरडा, उंबर. शहराभोवतीच्या डोंगरांवर पळस, खैर, धावडा, सलई, मोई. पूर्वेला हिवर, बोर, बाभूळ. जवळच्या जुन्या देवराईत किंवा घळीत आपसूक काय टिकून आहे ते पाहावं. यापेक्षा चांगली यादी कोणी देणार नाही.

"माळ ओसाड आहे, साफ करून झाडं लावा"

हा सल्ला सगळ्यांत घातक. नाशिकजवळच्या अंजनेरीच्या पठारावरची कंदीलपुष्पाची एक जात जगात फक्त या परिसरात वाढते. तिचं शास्त्रीय नावच सेरोपेजिया अंजनेरिका. ती कंदावर जगते. पावसाळ्याचे काही महिने वर दिसते, बाकी वर्षभर मातीत कंद. जानेवारीत पाहणाऱ्याला तिथे मोकळी जमीन दिसते, आणि दीड फुटाचा खड्डा नेमका त्या कंदावर येऊ शकतो. येवला तालुक्यात ममदापूरला काळविटांसाठी राखलेला माळ आहे. काळवीट लांबून धोका हेरतं आणि पळून जीव वाचवतं. तिथे झाडांच्या रांगा उभ्या केल्या तर त्याचा आसराच जातो.

माळावरून काढायचंच असेल तर घाणेरी (टणटणी, लँटाना) काढा, आणि पद्धतशीर काढा. वरून कोयत्यानं छाटली तर ती दुप्पट दाट फुटते. जमीन ओली असताना कुदळीनं बुडाची माती सारून, जमिनीखाली तीन ते पाच सेंटीमीटरवर मुख्य मूळ तोडायचं आणि झुडूप उलटं करून, मुळं वर ठेवून वाळू द्यायचं. पिकलेली फळं धरण्याआधी हे झालं पाहिजे, नाहीतर ओढून नेताना बी वाटभर पसरतं. रिकाम्या झालेल्या जागेत लगेच मारवेल, पवना अशा स्थानिक गवताचं बी टाका. जागा उघडी ठेवली तर घाणेरी नाहीतर गाजरगवत परत येतं. पाखरं बी आणत राहतात, म्हणून पुढची दोन वर्षं पावसाळ्यात एकेक फेरी करून कोवळी रोपं उपटावी लागतात.

"एकदा लावलं की तीन वर्षांत जंगल"

हा आकडा मियावाकी पद्धतीतून आला आहे. तिथे जमीन खोल खणून, भरपूर खत घालून, चौरस मीटरला तीन-चार रोपं लावतात आणि दोन-तीन वर्षं पाणी देतात. शहरातल्या प्लॉटवर ते जमतं, कातळाच्या उतारावर नाही.

उतारावरचा हिशेब पाण्यापासून मांडावा. रोपाला दर आठ दिवसांनी दहा लिटर धरा. फेब्रुवारी ते जूनच्या मध्यापर्यंत सतरा पाळ्या होतात. 500 रोपांना एका पाळीला 5,000 लिटर, उन्हाळाभरात 85,000 लिटर, आणि असे किमान दोन-तीन उन्हाळे. टँकर पायथ्यालाच थांबतो. तिथून एक माणूस एका खेपेत वीस लिटर नेतो, म्हणजे दोन रोपं. एका पाळीला 250 खेपा. जुलैच्या रविवारी किती लोक फोटोला येतात त्यावर रोपांची संख्या ठरवू नका. एप्रिलमध्ये किती जण कॅन उचलतील त्यावर ठरवा. वीस माणसं नक्की असतील तर 500 जमतील. पाचच असतील तर शंभरावर थांबा.

लावतानाच्या चुकाही ठरलेल्या आहेत. खड्डा जूनमध्ये घाईनं न खणता एप्रिल-मेमध्ये, दीड फूट लांब, रुंद आणि खोल खणून तापू द्यावा. रोप कमरेएवढं आणि दणकट असावं. पिशवी पूर्ण फाडून काढावी. तळाशी मुळं गोल गुंडाळलेली असतील तर तेवढा वेटोळा कापावा, नाहीतर मूळ तिथल्या तिथे फिरत राहतं आणि झाड दोन-तीन वर्षांनी वाऱ्यानं आडवं होतं. वाळवीसाठी मूठभर निंबोळी पेंड, बुडाशी वाळलेल्या गवताचा थर, पण तो खोडाला चिकटलेला नको.

याहून स्वस्त जंगल बहुतेक डोंगरांवर आधीच आहे, आणि ते म्हणजे तोडलेले खुंट. साग, पळस, धावडा, ऐन यांच्या खुंटाला दरवर्षी आठ-दहा धुमारे फुटतात आणि शेळ्या ते खातात. वनरक्षकाला सोबत घेऊन एका खुंटावर दोन जोमदार धुमारे ठेवावे, बाकीचे धारदार विळ्यानं तिरपे कापावे आणि तेवढ्या भागात चराई बंद ठेवावी. त्याचं मूळ आधीच खोल गेलेलं असतं, त्याला टँकर लागत नाही. शेजारच्या धुळे जिल्ह्यात बारीपाड्यानं 1990च्या दशकापासून कुऱ्हाडबंदी आणि दंडाचे नियम गावानंच पाळून सुमारे 1,100 एकर जंगल राखलं. चराईबंदी मात्र गुराख्यांशी बोलून, आळीपाळीनं एकेक तुकडा बंद करूनच टिकते. फलक लावून टिकत नाही.

"झाड लावायला परवानगी कसली?"

डोंगर बहुधा वनविभागाचा किंवा गायरान असतो. वनजमिनीवर वनक्षेत्रपालांच्या कार्यालयात लेखी अर्ज, गायरानासाठी ग्रामपंचायत. गावाची संयुक्त वन व्यवस्थापन समिती असेल तर आधी तिच्याकडे जा. परवानगी मिळाली की रोपं कामाच्या आराखड्यात येतात, नाहीतर पुढच्या वर्षी त्याच जागी पाणी मुरवायचे चर खणले जातात. हा रस्ता लांबचा वाटतो, पण नाशिकजवळचं बोरगड याच रस्त्यानं 2008 साली महाराष्ट्रातलं पहिलं संवर्धन राखीव क्षेत्र झालं.

"गवत जाळलं की जोमानं येतं"

जाळल्यावर हिरवा कोंब लवकर दिसतो, एवढंच खरं. दरवर्षी जाळलेल्या माळावर मारवेल-पवना मागे पडतात आणि कुसळी हे गवत वाढतं. त्याला कुसळं धरली की गुरं ते खात नाहीत. रोपं, खुंटांचे धुमारे, जमिनीवरची अंडी सगळं जातं, आणि उघडी माती पहिल्याच पावसात वाहते. राखीव वनात आग लावणं हा भारतीय वन अधिनियम 1927च्या कलम 26 खाली गुन्हा आहे.

वणव्याचा हंगाम 15 फेब्रुवारीपासून धरला जातो, त्याआधी जाळरेषा, म्हणजे आग अडवणारा बिनगवताचा पट्टा, तयार पाहिजे. रस्ता, पायवाट आणि शेताच्या बांधालगत तीन ते सहा मीटर पट्ट्यातलं गवत कापायचं आणि पंज्यानं गोळा करायचं. कापलेलं गवत गावकऱ्यांना चाऱ्याला दिलं तर त्यांनाही राखण परवडते. पट्टा जाळायचं काम वनकर्मचाऱ्यांचंच; स्वयंसेवकांनी काडी ओढू नये. आग लागलीच तर ओल्या फांद्यांनी बाजूनं, जळालेल्या भागात उभं राहून झोडपायची. वरच्या अंगाला कधीही थांबू नये, कारण चढावर आग माणसापेक्षा वेगानं धावते. अंगात सुती कपडे, पायात बूट. आणि सगळ्यांत आधी वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर फोन. सांगताना गावाचं नाव, डोंगराची कोणती बाजू आणि वारा कुठून कुठे वाहतोय, हे तिन्ही सांगा.